पिकनचे झाड आणि ते सोलणारे हात

अक्रोड आपणांस अपरिचित नाही. काश्मिरातून उतरलेला अक्रोड मुंबईच्या बाजारात पूर्वापार विकला जातो, आणि नाताळच्या केकमध्ये त्याची हजेरी ठरलेलीच. पवित्र शास्त्राच्या वाचकांना गीतरत्नाच्या सहाव्या अध्यायातील अक्रोडाची बागही आठवेल. तेथे मूळ हिब्रू शब्द 'एगोझ' असा आहे आणि संपूर्ण जुन्या करारात तो त्या एकाच ठिकाणी येतो. रोमन लोकांनी अक्रोडाला जुपिटर देवाचे फळ मानले. त्या लॅटिन नावावरूनच वनस्पतिशास्त्रज्ञांनी या वृक्षकुळाला 'जुग्लॅन्डेसी' हे नाव दिले. कुळ फार मोठे नाही. साऱ्या जगात मिळून साठेक जाती. परंतु या लहान कुळाची एक शाखा अशी आहे की तिचा इतिहास आपल्याकडे फारसा कोणी सांगितलेला नाही, आणि तो सांगावा असे आम्हांस बरेच दिवस वाटत होते. ती शाखा म्हणजे हिकरी, आणि तिच्यातील सर्वांत गोड फळाची जात म्हणजे पिकन.

एके काळी हिकरीची झाडे युरोपातही होती. त्यांची अश्मीभूत फळे व पाने तेथील जमिनीत सापडतात. हिमयुगाच्या थंडीत ती तेथून नाहीशी झाली, आणि पूर्व आशियाचा काही भाग व उत्तर अमेरिका एवढ्याच दोन ठिकाणी ती उरली. त्यामुळे पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपीय लोक अमेरिकेच्या किनाऱ्यास लागले, तेव्हा या झाडाला त्यांच्या कोणत्याही भाषेत नाव नव्हते. नाव त्यांना तेथल्या मूळ रहिवाशांकडूनच घ्यावे लागले. व्हर्जिनियातील पोहाटन लोक हिकरीची फळे कवचासकट कुटून, पाण्यात कालवून, गाळून एक पांढरे दाट दूध काढीत. त्या दुधाचे नाव कॅप्टन जॉन स्मिथ याने १६१२ साली छापलेल्या आपल्या वृत्तांतात 'पॉकोहिकोरा' असे काहीसे लिहून ठेवले. इंग्रजांच्या जिभेवर ते झिजत झिजत 'हिकरी' झाले. म्हणजे मुळात हे झाडाचे नाव नव्हेच. ते एका खाद्यपदार्थाचे नाव होते. आपल्याकडे नारळाच्या रसावाचून स्वयंपाकाची कल्पना न करू शकणाऱ्या गृहिणींना यात काही नवल वाटणार नाही.

अठराव्या शतकात विल्यम बार्ट्रम नावाचा निसर्गअभ्यासक दक्षिणेकडील क्रीक लोकांच्या प्रदेशात हिंडला. त्याचा प्रवासग्रंथ १७९१ साली प्रसिद्ध झाला. एकेका कुटुंबाने शंभर शंभर बुशेल हिकरीची फळे साठवून ठेवलेली त्याने पाहिली. त्यांचे दूध साईसारखे असते व भाकरीत घालतात, असे तो नोंदवतो. चेरोकी लोक कुटलेल्या गराचे गोळे करून ठेवीत आणि लागेल तसा एकेक गोळा गरम पाण्यात विरघळवून घेत. 'कनूची' या नावाने हा पदार्थ आजही ओक्लाहोमातील चेरोकी घरांतून होतो. ओक्लाहोमात का, याचे उत्तर मात्र दुःखद आहे.

अमेरिकेचा सातवा राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन. १८१२ साली सुरू झालेल्या युद्धात त्याचा चिवटपणा पाहून सैनिकांनी त्याला 'ओल्ड हिकरी' हे टोपणनाव दिले, कारण हिकरीचे लाकूड वाकते पण सहसा मोडत नाही. कुऱ्हाडीचे दांडे आणि गाडीच्या चाकांचे आरे त्याचेच करीत. जॅक्सनच्या समर्थकांनी पुढे निवडणुकीत गावोगाव हिकरीचे खांब उभारले. याच जॅक्सनने १८३० साली मूळ रहिवाशांना मिसिसिपी नदीपलीकडे हलवण्याच्या कायद्यावर सही केली. १८३८-३९ च्या हिवाळ्यात चेरोकींना त्यांच्या भूमीतून सैन्याच्या पहाऱ्यात पश्चिमेकडे हाकण्यात आले. वाटेत आणि छावण्यांत सुमारे चार हजार माणसे मेली असा अंदाज आहे. ज्यांच्या भाषांतून आणि अन्नातून त्या झाडाची ओळख गोऱ्यांना झाली, त्यांनाच त्या झाडाचे नाव मिरवणाऱ्या माणसाने झाडाखालून उठवले.

आता पिकनकडे वळू. 'पिकन' हा शब्दही मूळ रहिवाशांचाच. इलिनॉय व आसपासच्या अल्गोंकियन भाषांत फोडावयास दगड लागावा अशा कठीण फळाला जो शब्द होता, तो फ्रेंचांनी 'पकान' असा उचलला. मिसिसिपी आणि तिच्या उपनद्यांच्या गाळाच्या जमिनीत, आणि टेक्ससमधील नद्यांच्या काठी, हे झाड आपोआप वाढते. शंभर फुटांहून उंच जाते आणि शेकडो वर्षे जगते.

या झाडाविषयी पहिला युरोपीय शब्द लिहिला तो एका बुडालेल्या जहाजावरील माणसाने. आल्वार नुन्येझ काबेसा दे व्हाका हा स्पॅनिश सरदार १५२८ साली टेक्ससच्या किनाऱ्यास लागला, तेव्हा त्याच्या अंगावर धड वस्त्रही नव्हते. विजेता म्हणून निघालेला हा मनुष्य पुढे कित्येक वर्षे मूळ रहिवाशांच्या आश्रयाने, काही काळ तर त्यांचा गुलाम होऊन, जगला. १५३६ साली तो मेक्सिकोत स्वकीयांना भेटला आणि १५४२ साली त्याचा वृत्तांत छापून निघाला. त्यात तो एका 'अक्रोडांच्या नदी'विषयी सांगतो. ती टेक्ससमधील ग्वादालूपे नदी असावी असे अभ्यासक मानतात. आसपासच्या जमाती दुरून दुरून तेथे येत आणि वर्षातील दोन महिने दुसरे काहीही न खाता केवळ त्या फळांवर राहत. ती फळे गॅलिशियातील अक्रोडांएवढी आहेत, असे तो म्हणतो. एक वर्ष झाड भरभरून फळते आणि पुढच्या वर्षी हात आखडते, हेही त्याने टिपले आहे. आंब्याच्या बागाईतदाराला हे सांगावयास नको. एका हंगामात झाडाने साठवलेले सारे सत्त्व फळांत ओतले, की दुसऱ्या हंगामापुरते त्याच्याजवळ उरत नाही. शिवाय पिकनच्या बाबतीत एका मोठ्या प्रदेशातील झाडे एकाच वर्षी फळतात, त्यामुळे खारींना व पक्ष्यांना सगळी फळे संपवता येत नाहीत आणि काही रुजतात.

पिकनची एक अडचण होती. रानातील कोणतीही दोन झाडे सारखी नसत. एकाचे फळ बोटाच्या पेराएवढे लांब आणि कवच इतके पातळ की दोन फळे मुठीत धरून दाबली की फुटावीत. शेजारच्या झाडाचे फळ मात्र बारीक आणि अडकित्त्यालाही दाद न देणारे. उत्तम झाडाचे बी पेरले तरी उत्तमच झाड येईल याचा भरवसा नाही. पिकनचे परागण वाऱ्यावर होते, आणि एकाच झाडावरील नर व मादी फुले बहुधा वेगवेगळ्या वेळी उमलतात. त्यामुळे प्रत्येक बीजात कोणत्या तरी परक्या झाडाचा वाटा असतो. यावर उपाय एकच, कलम.

कलमाची विद्या आमच्या वाचकांना ठाऊक आहे. गोव्यात पोर्तुगीजांच्या आगमनानंतर आंब्यावर कलमे बांधण्याची पद्धत रुळली आणि तिचे श्रेय बहुधा येशूसंघीय धर्मगुरूंना दिले जाते. आपल्या 'हापूस' या शब्दात तर 'अफोन्सो' हे नावच दडलेले आहे. परंतु आंब्यावर जे सहज साधते, ते अक्रोडाच्या कुळात साधत नाही. या झाडांच्या सालीत व रसात तुरट द्रव्ये फार. काप घेताच तो काळवंडतो, रस झरत राहतो आणि जखम भरून येण्यास चांगलीच ऊब लागते. काडी व खुंट जुळण्याआधीच काडी वाळून जाते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पिकनच्या कलमांची एखादी तरी बाग कोणी यशस्वी केल्याची नोंद नाही.

ती पहिली नोंद लुइझियाना राज्यातील आहे. तेथे जिल्ह्याला 'पॅरिश' म्हणतात, हे ऐकून धर्मग्रामाची चिंता वाहणाऱ्या आमच्यासारख्यास गंमत वाटते. फ्रेंच व स्पॅनिश अमदानीत तेथील कारभाराची विभागणी चर्चच्या धर्मग्रामांवर बेतली होती, त्याची ही खूण. त्या राज्यातील सेंट जेम्स पॅरिशमध्ये, मिसिसिपीच्या काठी, 'ओक ॲली' नावाचा उसाचा मळा आहे. ओक वृक्षांच्या दोन रांगांतून, प्रत्येक रांगेत चौदा अशा अठ्ठावीस झाडांच्या सावलीतून, १८३९ साली पूर्ण झालेल्या खांबांच्या भव्य वाड्याकडे वाट जाते. मालक होता झाक तेलेस्फोर रोमान, फ्रेंच वंशाच्या एका प्रतिष्ठित कॅथॉलिक घराण्यातला. त्याचा भाऊ राज्याचा गव्हर्नर होता. मळ्यावर शंभराहून अधिक गुलाम राबत. त्यांत अंत्वान नावाचा एक माळी होता.

नदीच्या पलीकडील तीरावर 'अनिता' नावाच्या मळ्यात आमां बुर्ज्वा याच्या मालकीचे एक पिकनचे झाड होते. त्याची फळे मोठी आणि पातळ कवचाची. डॉक्टर कोलों नावाच्या गृहस्थांनी त्याच्या काड्या घेऊन कलमे करून पाहिली, ती साधली नाहीत. मग त्यांनी त्या काड्या ओक ॲलीत आणल्या आणि त्या अंत्वानच्या हाती गेल्या. १८४६-४७ च्या हिवाळ्यात अंत्वानने सोळा झाडांवर कलमे बांधली आणि ती धरली. पुढे तो ती वाढवीत गेला. अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ साली संपले, तेव्हा त्या मळ्यावर पिकनची १२६ कलमी झाडे उभी होती. व्यापारी पिकनच्या बागाईतीचा आरंभ इतिहासकार येथून धरतात.

अंत्वानविषयी कागदोपत्री जे आहे, ते फार थोडे आहे. रोमान १८४८ साली वारला. त्याच्या मालमत्तेची यादी करण्यात आली. भांडी, बैल आणि यंत्रे मोजता मोजता यादी करणाऱ्याने माणसेही मोजली. तीत अंत्वान : वय ३८, क्रेओल, माळी, पिकनची कलमे बांधण्यात निष्णात, किंमत एक हजार डॉलर. त्याच्या बोटांतील कसब त्याच्या नावापुढे नोंदले गेले ते त्याचा गौरव म्हणून नव्हे, तर त्याची किंमत वाढते म्हणून. आडनावाचा रकाना नाही, कारण गुलामाला आडनाव लागत नसे.

येथे आम्हांस क्षणभर थांबणे भाग आहे. लुइझियाना ही कॅथॉलिकांची भूमी होती. १७२४ च्या फ्रेंच गुलामसंहितेने तेथील प्रत्येक मालकावर गुलामांना कॅथॉलिक धर्माचे शिक्षण व स्नानसंस्कार देण्याचे आणि रविवारी त्यांना कामाला न जुंपण्याचे बंधन घातले होते. स्नानसंस्काराच्या वह्यांतून गुलामांची नावे आजही वाचावयास मिळतात. अनेक ठिकाणी त्यांच्यासाठी वही वेगळी, आणि नाव एकेरी. १८३८ साली मेरीलँडमधील येशूसंघीय धर्मगुरूंनी आपल्या मळ्यांवरील २७२ गुलाम विकावयास काढले, त्यांतील बहुतेक लुइझियानाच्याच मळ्यांत पाठवले गेले, आणि त्या पैशाचा काही भाग जॉर्जटाऊन येथील विद्यालयाचे कर्ज फेडण्यास लागला. पुढच्याच वर्षी परमगुरुस्वामी सोळावे ग्रेगरी यांनी गुलामांच्या व्यापाराचा निषेध करणारे आज्ञापत्र काढले. अमेरिकेत मात्र चार्ल्सटनचे बिशप जॉन इंग्लंड यांच्यासारख्या विद्वान धर्मनेत्यानेही त्याचा अर्थ असा लावला की हा निषेध केवळ समुद्रावरील व्यापाराचा आहे, घरच्या गुलामगिरीचा नव्हे. अंत्वानने आपली कलमे बांधली ती या अर्थ लावण्यानंतर अवघ्या सहा-सात वर्षांनी. जॉर्जटाऊन विद्यापीठाने व येशूसंघाने त्या विक्रीबद्दल जाहीर क्षमायाचना केली ती २०१७ च्या एप्रिलमध्ये.

रोमान घराण्यातील लुईस ही कन्या पुढे कार्मेल मठात गेली. १८७७ साली न्यू ऑर्लीन्समधील कार्मेल मठाची स्थापना तिच्या हातून झाली, आणि त्या मठाच्या इतिहासात तिचे नाव आहे. त्या धर्मभगिनीची श्रद्धा उणी लेखण्याचा आमचा हेतू नाही. एकाच अंगणातील दोन माणसांच्या स्मृती कशा वेगळ्या वाटांनी गेल्या, एवढेच येथे दिसते.

युद्धानंतर ओक ॲलीचा मळा रोमान घराण्याच्या हातून गेला. नव्या मालकांना उसासाठी जमीन हवी होती, म्हणून अंत्वानच्या पुष्कळ झाडांवर कुऱ्हाड पडली. तरी काही उरली. १८७६ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याची शताब्दी फिलाडेल्फिया येथे मोठ्या प्रदर्शनाने साजरी झाली. तेथे ह्यूबर्ट बोन्झानो यांनी या झाडांची फळे मांडली. येल विद्यापीठाचे प्राध्यापक विल्यम ब्रूअर यांनी त्यांचा आकार व पातळ कवच यांची प्रशंसा केली, फळांना पारितोषिक मिळाले आणि त्या वाणाला 'सेंटेनियल', म्हणजे शताब्दी, असे नाव पडले. अंत्वानच्या वाणाला नाव मिळाले ते त्याचे नव्हे, तर त्याला जन्मभर गुलाम ठेवणाऱ्या स्वातंत्र्याच्या शताब्दीचे. १८९० च्या मार्च महिन्यात मिसिसिपीचा बांध अनिता मळ्याजवळ फुटला आणि ज्या झाडाच्या काड्या त्याने घेतल्या होत्या, ते मूळ झाड पुरात वाहून गेले. आज ओक ॲलीत पर्यटक जातात. गुलामांच्या झोपड्या तेथे पुन्हा उभारल्या आहेत आणि एका झोपडीच्या भिंतीवर त्या मळ्यावरील गुलामांची, सापडली तेवढी, नावे लिहिली आहेत.

टेक्ससमधील पिकनचा इतिहास निराळा. तेथे बागांपेक्षा नदीकाठची रानटी झाडेच अधिक. त्या राज्याचे एक गव्हर्नर जेम्स हॉग १९०६ साली वारले. आपल्या थडग्यावर दगड नको; उशाशी पिकनचे व पायाशी अक्रोडाचे झाड लावावे आणि त्यांची फळे साध्यासुध्या लोकांत पेरण्यासाठी वाटावीत, अशी त्यांची अखेरची इच्छा होती. १९१९ साली विधिमंडळाने पिकनला राज्यवृक्षाचा मान दिला. झाडाला मान मिळाला खरा. त्याचे फळ सोलणाऱ्यांना काय मिळाले, हे पाहावयाचे तर सॅन अँतोनियोस गेले पाहिजे.

संत अंतोनीच्या नावाचे हे नगर १७१८ साली फ्रान्सिस्कन धर्मगुरूंच्या मिशनभोवती वाढले. विसाव्या शतकाच्या पहिल्या तृतीयांशात मेक्सिकोतील यादवीतून आणि उपासमारीतून निसटलेली हजारो कुटुंबे तेथे आली आणि शहराच्या पश्चिम भागातील खोपटांतून राहू लागली. जवळजवळ सारी कॅथॉलिक. टेक्ससच्या व्यापारी पिकनपैकी निम्मे पीक या शहराच्या अडीचशे मैलांच्या परिघात येई, म्हणून फळ सोलण्याचा धंदा येथेच जमला.

या धंद्याची एक चमत्कारिक गोष्ट आहे. कवच फोडणारी यंत्रे पहिल्या महायुद्धाच्या सुमारासच आली होती. परंतु १९२६ साली ज्युलियस सेलिगमन यांनी स्थापन केलेल्या 'सदर्न पिकन शेलिंग कंपनी'ने यंत्रे बाजूला सारून पुन्हा हातांनी सोलण्याची पद्धत चालू केली, कारण हात यंत्रापेक्षा स्वस्त पडत. प्रगती नेहमी पुढेच जाते असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. कंपनी फळे ठेकेदारांना देई, ठेकेदार ती शेकडो लहान खोल्यांतून वाटून देत, आणि बायका, मुली, म्हातारी माणसे लांब बाकांवर खेटून बसून दिवसभर सोलत. मजुरी उक्ती. अखंड निघालेल्या अर्ध्या गराला पौंडामागे सात सेंट, तुकड्यांना सहा. आठवड्याची कमाई सरासरी दोन-तीन डॉलरच्या पलीकडे जात नसे. एका सरकारी पाहणीत एका कुटुंबाचे सरासरी वार्षिक उत्पन्न २५१ डॉलर भरले. खोल्यांना वारा नाही, शौचाची सोय नाही, आणि कवचाची तपकिरी बारीक धूळ सतत हवेत. शहराच्या या भागात क्षयाने मरणाऱ्यांचे प्रमाण लाखामागे १४८ होते. साऱ्या देशाचे ५४. कोकणात व गोव्यात काजू सोलणाऱ्या, चिकाने बोटे भाजून घेणाऱ्या स्त्रिया ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे चित्र उभे करण्यास फारसे कष्ट पडू नयेत.

१९३८ च्या जानेवारीअखेर कंपन्यांनी दर पौंडामागे एकेक सेंटने उतरवले. ३१ जानेवारीला सोलणाऱ्यांनी काम टाकले. शहरात सुमारे बारा हजार सोलणारे होते. त्यांतील हजारो बाहेर पडले. त्यांच्या पुढे होती एम्मा तेनायुका, वय एकवीस. ती सॅन अँतोनियोतच जन्मलेली, कॅथॉलिक घरात आजीआजोबांच्या हाताखाली वाढलेली, शाळेत हुशार म्हणून गाजलेली. बेकारांच्या मोर्च्यांतून ती पुढे आली होती, आणि नुकतीच कम्युनिस्ट पक्षाची सभासदही झाली होती. हे शेवटचे कलम विरोधकांना पुरेसे होते. संप मजुरीचा नसून मॉस्कोचा आहे, अशी हाकाटी झाली. संपकऱ्यांच्या संघटनेने तिला अधिकृत नेतेपदावरून बाजूला केले, तरी पडद्याआड ती राबतच राहिली.

पोलीसप्रमुख ओवेन किल्डे यांनी अश्रुधूर वापरला. रस्ता अडवला, शांतता भंग केली अशा आरोपांखाली शेकडो स्त्रीपुरुषांना पकडून तुरुंगात कोंबले.

आणि आमचे चर्च? सॅन अँतोनियोचे आर्चबिशप होते आर्थर ड्रोसार्ट्स, जन्माने डच. त्यांनी कम्युनिस्ट प्रभावाविरुद्ध कारवाई केल्याबद्दल पोलिसांची प्रशंसा केली. त्याचबरोबर मालकांनी मजुरी वाढवावी असेही त्यांनी सांगितले, कारण कमी मजुरीतून कम्युनिझम फोफावतो. त्यांच्या बाजूने एक गोष्ट नमूद केली पाहिजे. विसाव्या दशकात मेक्सिकोत चर्चचा उघड छळ झाला, धर्मगुरूंना गोळ्या घातल्या गेल्या, आणि परागंदा झालेल्या बिशपांना व धर्मभगिनींना याच आर्चबिशपांनी आपल्या शहरात आसरा दिला होता. क्रांतीच्या नावाने त्यांच्या अंगावर काटा येत असल्यास त्यास कारण होते. तरीही आम्हांस त्यांचा युक्तिवाद दुबळा वाटतो. परमगुरुस्वामी तेरावे लिओ यांनी १८९१ साली आणि अकरावे पायस यांनी १९३१ साली आपल्या परिपत्रकांतून रास्त मजुरीचा जो विचार मांडला, तो मजूर बिघडू नयेत म्हणून मजुरी द्यावी असा नाही. मजुरी हा मजुराचा हक्क आहे. कम्युनिझम जगात जन्मालाच आला नसता, तरी तो तेवढाच हक्क राहिला असता. याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय याहून स्पष्ट आहे. धर्मगुरूने मजुरीची बाजू घेताना दुसऱ्या कशाची भीती पुढे केली, तर मजूर ते ओळखतो. सॅन अँतोनियोतील सोलणाऱ्यांनी ते ओळखले नसेल असे मानण्यास आम्ही तयार नाही.

सदतीस दिवसांनी, ८ मार्चला, मालकांनी लवाद मान्य केला आणि संप मिटला. त्याच वर्षी अमेरिकेत किमान वेतनाचा कायदा झाला, आणि २४ ऑक्टोबर १९३८ पासून तासाला पंचवीस सेंट देणे बंधनकारक झाले. सोलणाऱ्यांच्या दृष्टीने ही रक्कम स्वप्नातली होती, आणि ती बव्हंशी स्वप्नातच राहिली. हात आता स्वस्त राहिले नाहीत. बाजूला सारलेली यंत्रे कारखान्यांत परत आली. पुढील तीन वर्षांत दहा हजारांहून अधिक सोलणाऱ्यांचे काम गेले. म्हणून संप व्यर्थ ठरला असे म्हणणारे आहेत. क्षयाची धूळ खात अडीच डॉलरवर जगणे चालू राहिले असते तर बरे झाले असते काय, हे त्यांनी सांगितलेले आमच्या वाचनात नाही. दोष यंत्राचाही नव्हे. दहा हजार माणसांचे पुढे काय करावयाचे, याचा विचार यंत्र आणणाऱ्याने करावयाचा असतो, आणि तो कोणी केला नाही.

एम्मा तेनायुकाला शहराने क्षमा केली नाही. १९३९ च्या ऑगस्टमध्ये नगरसभागृहात ती एक सभा घेत असता हजारोंचा जमाव चालून आला, दगडफेक झाली, आणि तिला मागच्या वाटेने बाहेर काढावे लागले. त्यानंतर तिला शहरात काम मिळेना, धमक्या थांबेनात. पुढे तिने पक्ष सोडला आणि ती कॅलिफोर्नियात जाऊन शिकली.

पिकनचे काय झाले? अमेरिकेच्या कृषिखात्याने १९३० च्या सुमारास टेक्ससमध्ये संकरित वाण तयार करण्याचे केंद्र काढले. तेथून बाहेर पडलेल्या वाणांना मूळ रहिवाशांच्या जमातींची नावे देण्याचा प्रघात पडला : कोमांची, चॉक्टॉ, विचिटा, शायेन, पॉनी. रोपवाटिकांच्या यादीत आज ती नावे ओळीने वाचावयास मिळतात. या जमातींपैकी बऱ्याच आता ओक्लाहोमात राहतात. या प्रत्येक वाणाचे प्रत्येक झाड कलमाचेच असते.

एम्मा तेनायुका १९६८ साली सॅन अँतोनियोस परतली. धर्मभगिनींनी चालवलेल्या 'अवर लेडी ऑफ द लेक' विद्यापीठातून १९७४ साली तिने शिक्षणशास्त्रातील उच्च पदवी घेतली, आणि १९८२ साली निवृत्त होईपर्यंत ती त्याच शहरातील शाळेत मुलांना शिकवीत होती. २३ जुलै १९९९ रोजी ती तेथेच वारली.